बंदी ६१ दिवसांची, उरलेल्या वर्षाचं काय?

पेडण्याचा खवय्या:
गोव्यात मासेमारी बंदीत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बांधून ठेवल्या की मासळी राखली, असं सरकारला वाटतं. खरी राखण ऑगस्टपासून हवी. मालीम, कुटबण, खारीवाडा, तिन्ही जेट्टींवर पट्टी लावून मासे मोजा. केरळने बांगड्याला १४ आणि तारल्याला १० सेंटिमीटर ही किमान लांबी ठरवलीय. आपल्या बाजारात बोटाएवढे बांगडे वाट्यावर विकतात आणि आम्ही ते घेतो!

ट्रॉलरवाला:
मोजा की. पण जाळ्यात काय आलं ते वर ओढल्यावर कळतं. तोवर पिल्लू मेलेलं असतं. ते परत दर्यात टाकून कोणाचं भलं? दोन महिने होडी बंद, बँकेचा हप्ता चालू. झारखंड-ओडिशाचे खलाशी एकदा गावी गेले की वेळेवर परततील याचीही खात्री नाही. त्यात आता पट्टी.

पेडण्याचा खवय्या:
म्हणून तर मासा वर येण्याआधीचं बोला, बाब. ओढ बसली की साध्या जाळ्याचे आस, म्हणजे भोकं, मिटतात, पिल्लू खोल्यात, जाळ्याच्या शेवटच्या पिशवीतच अडकतं. चौकोनी आसाचा खोला उघडा राहतो. तो बसवायला काय हरकत?

ट्रॉलरवाला:
त्यातून सुंगटं (कोळंबी) पण निसटतात. डिझेल सुंगटांवर सुटतं, तुमच्या तत्त्वांवर नाही. आणि मी सोडलेला बांगडा कर्नाटकातला मालपेवाला धरणार. १२ सागरी मैलांपलीकडे गोव्याचा कायदा चालत नाही.

रापणकाराचा मुलगा:
पलीकडचं राहू दे, अलीकडचं बोल. किनाऱ्याजवळचा पट्टा पारंपरिक होड्यांसाठी, आमच्या रापणीसारख्या वाळूवरून ओढायच्या जाळ्यांसाठी राखलाय. १९७०च्या दशकात आमची माणसं रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे १९८०चा कायदा आला. आज रात्री वाळूत उभं राहिलं की ट्रॉलरचे दिवे मोजता येतात. एलईडी दिव्यांनी मासे ओढून धरायला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये मनाई केली. मग त्या दिव्यांचा जनरेटर चढवलेली होडी जेट्टीवरून सुटतेच कशी? दर्यात पाठलाग कशाला, धक्क्यावरच उतरवा तो.

मालवणकर:
वा! आमच्याकडे येणारी एलईडीवाली पर्ससीन (मासळीचा थवा घेरणाऱ्या जाळ्यांची होडकी) कुठची असतात, तेही सांगा.

ट्रॉलरवाला:
एलईडीवाल्यांची वकिली मी करत नाही, पकडा त्यांना. पण चौकोनी खोला सक्तीचा करायचा तर मालपे ते रत्नागिरी एकाच दिवशी करा. एकट्या गोव्याला केलात तर मी बसवणार नाही.

रापणकाराचा मुलगा:
आणि तोवर आमच्या रापणीत काय, जेलीफिश?