परदेशी जाऊन गर्भपात: बाईची सुटका की सरकारची?

केतकी_पुणे (धागाकर्ती)
आयर्लंडने १९८३ साली घटनेत आठवी दुरुस्ती केली आणि गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीचा ठरवला. १९९२ साली बलात्कारातून गरोदर राहिलेली १४ वर्षांची मुलगी आईवडिलांबरोबर इंग्लंडला पोचलीसुद्धा होती. न्यायालयाने मनाई केली म्हणून तिघं परत आली. देशभर गदारोळ झाला, सर्वोच्च न्यायालयाने मनाई उठवली आणि त्याच वर्षी सार्वमत घेऊन घटनेत भर घातली गेली की परदेशी जायला आडकाठी नाही. म्हणजे घरात गुन्हा, पण बोटीने लिव्हरपूल गाठलंत तर आमचं काही म्हणणं नाही! एकट्या २०१६ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात करून घेणाऱ्या ३,२६५ जणींनी पत्ता आयर्लंडचा दिला होता.

माझं मत स्पष्ट आहे. ही मुभा नसती तर तो कायदा ३५ वर्षं टिकला नसता. शेजाऱ्याने भार उचलला म्हणून यांना सोवळं पाळता आलं. पोलंडचंही आता तेच चाललंय. ऑक्टोबर २०२० च्या न्यायालयाच्या निकालाने गर्भपातासाठी गर्भातल्या गंभीर व्यंगाचं कारणही बाद केलं, आणि बायका जर्मनी-नेदरलँड्स गाठतात.

दर्यावर्दी
"टिकला नसता" हे कशावरून? हुकूमशहा चाउशेस्कूने रोमानियात १९६६ साली गर्भपातावर बंदी आणली. सामान्य बाईला देशाबाहेर जायची सोयच नव्हती. तुमच्या हिशेबाने तो कायदा चार-पाच वर्षांत कोसळायला हवा. तो डिसेंबर १९८९ मध्ये चाउशेस्कूबरोबरच गेला, आणि तोवर चोरून केलेल्या गर्भपातांत दहा हजारांच्या आसपास बायका दगावल्या असा अंदाज आहे. वाट बंद झाली की सरकारला पाझर फुटतो हे घरबसल्या म्हणायला ठीक आहे. जिला नववा आठवडा चालू आहे तिला तिकीट हवं असतं, सार्वमत नको.

केतकी_पुणे
वाट बंद करा असं मी कुठे लिहिलंय? मुभा देणाऱ्या सरकारला उदार म्हणू नका, एवढंच म्हणणं आहे. आणि रोमानियात हुकूमशाही होती. आयर्लंडमध्ये लोक मत देत होते, त्यांना झळ लागत नव्हती.

शिफ्टवाली_कॉर्क
इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कला नर्स आहे, म्हणून लिहिते. झळ लागत होती, पण ती कोणाला ते बघा. पैसा आणि युरोपीय पासपोर्ट असलेली बाई शुक्रवारी जाऊन रविवारी परत यायची. आमच्यासारख्या भारतीय पासपोर्टवालीला डब्लिनहून लंडनला जायलासुद्धा ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. शरणार्थी म्हणून आलेल्यांकडे तर तीही कागदपत्रं नसतात. २०१४ साली अशाच एका तरुणीला, बलात्कारातून गरोदर असताना, देशाबाहेर जाता आलं नाही. गर्भपात नाकारला गेला आणि शेवटी तिचं मुदतीच्या खूप आधी सिझेरियन केलं. घटनेतली जाण्याची मुभा तिच्या काय कामाची?

आणि बेळगावच्या सविता हालप्पनवार. त्या स्वतः डेंटिस्ट होत्या. ऑक्टोबर २०१२, गॉलवेचं हॉस्पिटल, सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनाही ठाऊक. त्यांनी गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नकार मिळाला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि २८ तारखेला त्या गेल्या. तशा अवस्थेतल्या बाईने कुठलं विमान पकडायचं?

डॉ_सोलापूर
इथे जरा थांबा. सविता यांचा मृत्यू सेप्सिस, म्हणजे तोच रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, वेळेत न ओळखल्यामुळे झाला. तपासण्या चुकल्या, रक्ताच्या अहवालाकडे वेळेवर लक्ष गेलं नाही. कायद्याच्या माथी सगळं मारलं की हॉस्पिटल सुटतं.

शिफ्टवाली_कॉर्क
डॉक्टर, चौकशी अहवालात दोन्ही आहे. देखरेखीतल्या चुका आहेत, आणि कायद्याच्या धाकाने उपचार लांबवल्याचंही आहे. बेळगावात बसलेल्या त्यांच्या वडिलांनी आठवी दुरुस्ती काढण्याच्या २०१८ च्या सार्वमतात 'हो' म्हणा असं आयरिश मतदारांना सांगितलं होतं. त्यांनी दोष कुठे पाहिला ते उघड आहे.

अप्पा_मिरजकर
मी वेगळ्या बाजूने विचारतो, रागावू नका. गर्भलिंग तपासणीवर देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा आला १९९४ ला. तरी मुलगाच हवा म्हणून पैसेवाली जोडपी थायलंडला जायची, २०१५ मध्ये तिथेही बंदी येईपर्यंत तिथे गर्भ निवडून रोपण करून घ्यायची. इथे जे बेकायदा ते तिथे पैसे मोजून, हिशेब तोच ना? त्यांनाही मुभा म्हणायची का? आमच्या म्हैसाळला २०१७ मध्ये ओढ्याकाठी पुरलेले १९ गर्भ सापडले. कर्नाटकातूनही बायका तिथे आणल्या जात होत्या. हद्द ओलांडणारी प्रत्येक बाई स्वतःच्या मर्जीने ओलांडते, हे मला कोणी शिकवू नये.

दर्यावर्दी
अप्पा, म्हैसाळचं तुम्ही म्हणता ते खरं, पण 'आणल्या जात होत्या' हे शब्द तुमचेच आहेत. तिथे निर्णय सासरचा होता. लिव्हरपूलला जाणारी बहुधा घरच्यांपासून लपवून जायची. दोघींना एका मापाने कसं मोजता?

अप्पा_मिरजकर
मर्जी कोणाची ते विमानतळावर कोण तपासणार?

दर्यावर्दी
कोणीच नाही, आणि तपासूही नये. तुमच्या थायलंडवाल्यांना रोखायला गरोदर बाईचा पासपोर्ट बघायला लागलात, तर पहिली अडकेल ती १९९२ ची मुलगी.

केतकी_पुणे
हे मान्य. पण माझा मुद्दा उरतोच. २०१८ ला ६६.४ टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती काढून टाकली आणि २०१९ पासून तिथे सेवा सुरू झाली. इंग्लंड-वेल्समध्ये आयरिश पत्ता देणाऱ्या २०१८ मध्ये २,८७९ होत्या, २०१९ मध्ये ३७५. कायदा बदलला की प्रवास थांबतो.

शिफ्टवाली_कॉर्क
कमी होतो, थांबत नाही, केतकीताई. इथे १२ आठवड्यांपर्यंतच सहज होतं, त्यातही तीन दिवस थांबावं लागतं. त्यानंतर व्यंगाचं कारण चालतं, पण बाळ जन्माआधी किंवा जन्मानंतर २८ दिवसांत दगावण्याची शक्यता दोन डॉक्टरांनी मान्य केली तरच. मोठी सोनोग्राफी होते विसाव्या आठवड्याच्या सुमारास. त्यात व्यंग गंभीर निघालं, पण 'जीवघेणं' या व्याख्येत बसलं नाही, की बाई पुन्हा इंग्लंडचंच तिकीट काढते. बहुतेकदा ते हवंहवंसं मूल असतं. आता त्यांच्यासाठी मोर्चा कोण काढणार ते सांगा, कारण संख्या फारच थोडी आहे.