मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीचा किट, नळी दस्त्यात बसेना

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे सुतारकामात हात काळे केलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतो.

मी पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरजवळ राहतो. १८व्या शतकात याच भागात जर्मन कारागिरांनी त्यांच्या मायदेशातल्या आखूड येगर बंदुकीवरून लांब नळीची रायफल घडवली. जग तिला केंटकी रायफल म्हणतं आणि इथली जुनी माणसं त्यावर अजून कुरकुरतात. तिचाच किट गेल्या हिवाळ्यात आणला. चकमकीची, .५० कॅलिबर, ४२ इंची अष्टकोनी नळी, मेपलचा दस्ता. शिकार करायची नाही, रेंजवर कागदाला भोकं पाडायची आहेत. आजोबांकडे राजापुराकडे रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा, आणि डुकरांना नेमकं ते कळायचं! तेव्हापासूनचं हे वेड.

(इथल्या १९६८च्या केंद्रीय कायद्यात अशी बंदूक 'अँटिक' धरली जाते. भारतात १९५९चा शस्त्र कायदा ठासणीच्या बंदुकीलाही लागतो, तेव्हा तिकडे कुणी असले उद्योग करू नका.)

आता दुखणं. नळीच्या मागे एक लोखंडी शेपटी असते, तिला टँग म्हणतात. ती दस्त्याच्या मुठीवर बसते. नळीला काजळ फासायचं (बायकोचं, विचारून घेतलं), खाचेत बसवायची, सरळ वर उचलायची आणि लाकडावर काळं उमटेल तेवढंच पटाशीने खरवडायचं. असं पंधरा-वीस वेळा केलं. खाचेच्या तळाला आता छान सगळीकडे काळं येतं. पण नळीच्या मागच्या उभ्या भिंतीमागे, म्हणजे ब्रीचपाशी, पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहिली आहे. तिथलं लाकूड कोरडं ठणठणीत. माझ्याच हातून जास्त खरवडलं गेलं असणार. एपॉक्सी भरून मोकळा होऊ का? की नळी मागे सरकवू?

रंधाबहाद्दर: एपॉक्सी नको हो. त्याच लाकडाची पातळ कपची काढा आणि रेषांची दिशा दस्त्यासारखीच ठेवून सरसाने चिकटवा. वाळल्यावर पुन्हा काजळ. आमच्याकडे दाराच्या बिजागरीची खाच खोल गेली की हेच करतात.

चकमकवाला: कपची नंतर. आधी सांगा, टँगच्या अगदी मागच्या टोकाला काळं उमटतं का?

धागाकर्ता: हो, तिथे भरपूर. मला वाटलं, फिट बसलंय!

चकमकवाला: तिथेच तर गोम आहे. बार उडाला की नळी मागे येते. तो धक्का ब्रीचच्या भिंतीने रुंद लाकडावर घ्यायला हवा. तुमच्याकडे तो टँगचं टोक घेणार, आणि त्याच्यामागे मूठ, म्हणजे दस्त्याचं सगळ्यात बारीक लाकूड. चार-दोन बारांत टँगमागे चीर पडेल. टोकामागचं लाकूड केसभर काढा, दिसणार नाही एवढंच. मग नळी आपोआप मागे सरकून ब्रीच टेकेल. पण सरकवण्याआधी बघा, रंजकाचं भोक (ठिणगी आत बारापर्यंत पोचते ते) नळीत आधीच पाडून आलंय का? आलं असेल तर ते वाटीच्या, म्हणजे बाहेरून रंजक (पेटवायची दारू) ठेवायच्या खळग्याच्या, मध्यावरून हलता कामा नये.

धागाकर्ता: आलंय. आणि लॉक (चकमक आणि वाटी असलेली कळ) लावून पाहिलं तर वाटीच्या बरोबर मध्यावर आहे.

चकमकवाला: मग नळी जागची हलवायची नाही. टँगमागे केसभर मोकळीक करा आणि ब्रीचमागे रंधाबहाद्दर म्हणतात ती कपची. घाई करून नळी दस्त्याला अडकवणाऱ्या पिनांची भोकं मात्र आत्ताच पाडू नका.

धागाकर्ता: आठवड्याने लिहितोय. पहिली कपची चिकटवताना तिरकी बसली, उपटली. दुसरी जमली. काल रात्री ब्रीचच्या भिंतीवर जवळजवळ सगळीकडे काळं उमटलं आणि टँगच्या टोकामागे लाकूड स्वच्छ. पिना परवा. दोघांचेही आभार!

आता नवीन घोळ. रंगासाठी लोखंड विरघळवलेलं नायट्रिक आम्ल मिळतं, जुने कारागीर वापरायचे तसलंच. मेपलच्या टाकाऊ तुकड्यावर लावून पाहिलं तर वाळल्यावर लाकूड शेवाळी हिरवं झालं. दस्त्याचं असं झालं तर मी रडेन.

चकमकवाला: रडू नका, अजून अर्धंच काम झालंय. त्यावर हीटगन फिरवा. हिरवा जाऊन तांबूस तपकिरी येतो आणि मेपलच्या लहरी उठून दिसतात. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर आम्ल आत राहतं आणि पुढे रंग बिघडतो. खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, आणि दस्त्याला हात लावण्याआधी त्या तुकड्याचा फोटो टाका.