गमतीशीर गाण्यांवर बँड टिकतो का?

रावेरकर: आम्ही दोघं मित्र अर्धी अहिराणी अर्धी मराठी गाणी करतो, एक पेटी, एक गिटार आन् ढोलकी लॅपटॉपवर. मागच्या महिन्यात जळगावला एका हळदीत भरीताच्या वांग्यावरचं गाणं म्हटलं, लोक पोट धरून हसले, पण नंतर एक काका म्हणे "आता एखादं खरं गाणं होऊ द्या." तेव्हापासून डोक्यातून जाईना. शब्दांत गंमत असली की कॉमेडीवालेच समजतात का? असं करून कोणी टिकलंय?

भुसावळ_लोको: भो, 'दे माइट बी जायंट्स' हा अमेरिकेचा बँड ऐक. 1982 पासून ब्रुकलिनचे दोघं, दोघंही जॉन, एक फ्लॅन्सबर्ग एक लिनेल, गिटार आन् अ‍ॅकॉर्डियन, ड्रम टेपवर, म्हणजे तुमचंच की. मधी एकाचं मनगट मोडलं, दुसऱ्याच्या घरी चोरी झाली, कार्यक्रम बंद, तर पठ्ठ्यांनी घरच्या आन्सरिंग मशीनवर गाणी टाकली, फोन लावा आन् ऐका! 1990 च्या 'फ्लड'मधलं 'बर्डहाउस इन युअर सोल' तर इंग्लंडात सहाव्या नंबरला गेलं. ते गाणं कोण म्हणतंय माहितीये? पक्ष्याच्या आकाराचा झिरोचा बल्ब. आता हे ऐकून हसू येतं, पण चाल ऐक, चालीत कुठंच थट्टा नाही, ती नीट बांधलेली आहे म्हणून माणूस परत लावतो. जोक दुसऱ्यांदा कोण ऐकतं?

धुळ्याची_मॅडम: टिकले ते पोरांमुळेही. 2002 मध्ये त्यांना ग्रॅमी मिळालं टीव्ही मालिकेच्या टायटल गाण्याला, आणि त्याच वर्षी मुलांसाठीचा पहिला अल्बम आला. मी आठवीला विज्ञान शिकवते, मला त्यांचं सूर्याचं गाणं फार आवडतं. सूर्य म्हणजे तापलेला वायू असं सांगणारं जुनं गाणं त्यांनी म्हटलं होतं, मग 2009 च्या विज्ञानाच्या अल्बममध्ये ते परत घेतलं आणि लगेच पुढचं गाणं दुरुस्तीचं, की नाही हो, तो प्लाझ्मा आहे, म्हणजे वायूहून वेगळी, विद्युतभारित कणांची अवस्था! चूक गाण्यातच सुधारायची, वर्गात पोरं खूश.

केळीबाग: बाकी सोडा, वांगं बामणोद गावचं का आसोदा गावचं?

रावेरकर: वांगं बामणोदचंच, पण 'सौदा'ला यमक पाहिजे होतं म्हणून गाण्यात आसोदा घातलं. आत्ता मित्राला विचारलं, ते काका बामणोदचे निघाले.