२०१५चे इंडी आणि इलेक्ट्रॉनिक अल्बम : दहा वर्षांनी तुमच्याकडे काय उरलंय?

तरफ

दर डिसेंबरला मी त्या वर्षी आवडलेले अल्बम एका वहीत लिहून ठेवते. परवा कपाट आवरताना २०१५चं पान निघालं. अकरा नावं आहेत. त्यातली बरीचशी मी आता लावत नाही. तीन मात्र अजून महिन्यातून एकदा तरी लागतातच. हे तीनच का राहिले, याचा दोन दिवस विचार करतेय.

माझं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीपासून चार पावलांवर. शाळेतून येताना मी तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेच्या नादातली झणकार, लावताना बघत उभी राहायचे. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस जरा फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा फिरवायची. तारेखाली सुताचा धागा मागंपुढं सरकवायचा. स्वर तोच राहतो, पण त्याच्या आत काहीतरी हळूहळू उघडत जातं. कारागीर म्हणायचे, ‘अजून बंद आहे’, आणि मग बऱ्याच वेळानं, ‘आता खुलली.’ मला गाता येत नाही, रागांचं शिक्षणही नाही. पण एकाच स्वराचा पोत बदलताना ऐकायची सवय कानाला तिथं लागली. २०१५ साली पुण्यात नोकरीला असताना, कोथरूडच्या खोलीत रात्री हेडफोन लावून बसल्यावर लक्षात आलं की इलेक्ट्रॉनिक संगीतात मी तेच शोधतेय. सिंथेसायझरचा फिल्टर सावकाश उघडतो तेव्हा मला जवारीच ऐकू येते.

माझा पहिला अल्बम फोर टेटचा ‘मॉर्निंग/इव्हनिंग’. फोर टेट म्हणजे लंडनचा कीरन हेब्डन, त्याची आई भारतीय वंशाची. अल्बममध्ये दोनच तुकडे, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांचे. ‘मॉर्निंग साइड’मध्ये आधी ताल येतो, थोड्या वेळानं व्हायोलिनं, आणि त्यावर लताबाईंचा आवाज. एका हिंदी गाण्यातली ओळ घेतलीय आणि ती परत परत येत राहते. दर वेळी भोवतीचं थोडं बदललेलं असतं. पुढं आवाज विरतो आणि सिंथ एकटा चालत राहतो, पण कानात आवाज चालूच असतो.

त्या दिवाळीला मिरजेला गेले होते. लॅपटॉपला दोन छोटे स्पीकर जोडून हे लावलं. आजी मेथी निवडत बसली होती. म्हणाली, ‘ही लता. पण गाणं पुढं का जाईना?’ मी सांगितलं की त्यानं एवढाच तुकडा घेतलाय. ती काही बोलली नाही. मला वाटलं तिला आवडलं नसावं, म्हणून मी लताबाईंची जुनी गाणी लावली. दोन गाणी झाल्यावर म्हणाली, ‘ते मगाचंच लाव.’ मेथीच्या दोन जुड्या निवडून होईपर्यंत आम्ही दोघींनी ते ऐकलं. लताबाई आजीला आयुष्यभर पाठ होत्या. तरीही एका ओळीत एवढा वेळ थांबायला मिळतं याचं तिला अप्रूप वाटलं असणार, असं मला वाटतं. आजी आता नाही.

दुसरा, सफ्यान स्टीव्हन्सचा ‘कॅरी अँड लोवेल’. कॅरी ही त्याची आई. तो वर्षाचा असताना ती घर सोडून गेली आणि २०१२च्या डिसेंबरात कॅन्सरनं वारली. लोवेल हे सावत्र वडील. पाच ते आठ वर्षांचा असताना काही उन्हाळे त्यानं या दोघांबरोबर ओरेगॉनमध्ये काढले होते, तेवढंच आईचं घर त्याला मिळालं. अकरा गाणी, ड्रम जवळजवळ नाहीतच. गिटार, बँजो आणि अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखा आवाज. काही भाग हॉटेलच्या खोलीत आयफोनवर रेकॉर्ड केलेत. ‘शुड हॅव नोन बेटर’ अर्ध्यावर येतं, एक साधा कीबोर्ड सुरू होतो आणि सगळ्या गाण्यावर ऊन पडतं. भावाला मुलगी झाली, तिच्यात आई दिसते, एवढंच घडतं तिथं. हा अल्बम लोक गिटारचा म्हणून ओळखतात. पण कितीतरी गाण्यांत शब्द संपल्यावर एक लांब, धूसर सूर मागं राहतो तो ऐका. माझ्यासाठी अल्बमचं दुःख त्या सुरात आहे.

तिसरा, फ्लोटिंग पॉइंट्सचा ‘एलेनिया’. फ्लोटिंग पॉइंट्स म्हणजे सॅम शेफर्ड, न्यूरोसायन्समध्ये पीएच.डी. केलेला माणूस. ‘सिल्हूएट्स’ दहा मिनिटांहून मोठं आहे. त्यातला ड्रम इतका हलक्या हातानं वाजतो की आवाज मोठा करायचा मोह होतो. करू नका.

बाकीच्यांत टेम इम्पालाचा ‘करंट्स’ आणि ब्यर्कचा ‘व्हल्निक्युरा’ आहेत. ‘व्हल्निक्युरा’ मी फार मानते, पण वर्षातून एकदाच ऐकू शकते, इतका तो उघडा आहे.

तुमचं २०१५मधलं काय टिकलं? क्रमवारी नको. कुठं, कशावर ऐकलंत आणि अजून का ऐकता, ते सांगा. आणि लताबाईंची ती ओळ कुठल्या सिनेमातली, हे कुणाला माहीत असेल तर तेही. आजीला त्या दिवशी आठवलं नव्हतं.

विरार_फास्ट

यादीत जेमी एक्सएक्सचा ‘इन कलर’ नाही हे पाहून वाईट वाटलं, म्हणून लगेच लिहितोय.

मी तो वर्षभर लोकलमध्ये ऐकला. बोरिवलीला चढायचो, चर्चगेटपर्यंत एक तास उभा. त्यातलं ‘गॉश’ सुरू होतं ते नुसत्या ठोक्यांवर आणि रेडिओवरच्या ‘जंगल’ या वेगवान नाच-संगीताच्या जुन्या कार्यक्रमातल्या आवाजांवर. निम्मं गाणं जमिनीवरच असतं. मग वरून सिंथ येतो आणि चढतच जातो. माझ्या वेळापत्रकात तो दादरच्या आसपास यायचा. गर्दी उतरायची, वारा आत यायचा. आजही दादरला तो सूर मला आपोआप ऐकू येतो.

‘लाउड प्लेसेस’मध्ये रोमी या गायिकेचा आवाज एकदम लहान आहे. कुणाच्या तरी शोधात गोंगाटाच्या जागी जाणाऱ्या बाईचा. आणि त्यावर १९७७च्या इद्रिस मुहम्मदच्या गाण्यातला कोरस उघडतो. एकटी बाई आणि अख्खी नाचणारी गर्दी, दोन्ही एकाच गाण्यात.

तुमचं जवारीचं मला पटलं, मी यापुढं तसं ऐकून बघेन. पण त्यात बसून ऐकणाराच धरलाय. हे संगीत नाचायच्या जागेतून आलंय. पायांना काय कळतं तेही मोजा. हेडफोनवर ‘इन कलर’ निम्माच पोचतो, मी तर म्हणेन तुम्ही तो अजून ऐकलेला नाही.

यारा_काठ

मेलबर्नहून लिहितेय. माझा अल्बम इथलाच, कोर्टनी बार्नेटचा ‘समटाइम्स आय सिट अँड थिंक, अँड समटाइम्स आय जस्ट सिट’. नाव लांबलचक आहे, पण गाणी बोलल्यासारखी साधी.

आम्ही घर शोधत होतो तेव्हा दर शनिवारी तीन-चार घरं बघायचो, बरीचशी उत्तरेकडं, प्रेस्टनच्या बाजूला. अल्बममधलं ‘डीप्रेस्टन’ हे गाणं अगदी याच कामावर आहे. एक जोडपं प्रेस्टनमध्ये विकायला काढलेलं घर बघायला जातं. दलालाचं बोलणं चालू असतं आणि तिचं लक्ष मात्र न्हाणीघरातल्या आधाराच्या दांड्याकडं, चहा-कॉफीच्या डब्यांकडं, व्हिएतनाममध्ये काढलेल्या एका तरुणाच्या फोटोकडं जातं. इथं राहणारी म्हातारी गेली, म्हणून घर विकायला आलंय, हे तिला उमगतं. मग लाकडी जमीन, खोलीची दिशा वगैरे तिच्या डोक्यातून निघूनच जातं. शेवटी मात्र घर पाडून नवीन बांधायच्या खर्चाचं वाक्य परत परत येत राहतं.

आम्हीही असंच एक घर पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, नावांसकट, १९७१पासूनच्या. नवरा बाहेर येऊन म्हणाला, छप्पर ठीक आहे. मी गाडीत बसून हेच गाणं लावलं. ते घर आम्ही घेतलं नाही.

तुमच्या आजींचं वाचून मी ‘मॉर्निंग साइड’ आत्ताच पहिल्यांदा ऐकलं. लेकीनं स्वयंपाकघरात येऊन विचारलं, हे कोण गातंय? तिचं मराठी तोडकंमोडकं आहे. पण हा प्रश्न तिनं मराठीत विचारला.

जुनी_रीळ

तरफताई, सिनेमा ‘सौतन’, १९८३. गाणं ‘मैं तेरी छोटी बहना हूँ’, संगीत उषा खन्ना. हिंदी सिनेसंगीतात स्त्री संगीतकार किती कमी झाल्या ते आपण जाणतो. त्यांच्यातल्या एकीची चाल लंडनच्या माणसानं उचलली आणि जगभर ऐकली गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. लोक लताबाईंचं नाव घेतात, उषाबाईंचं राहून जातं. कृपया तेही लिहीत जा.

दुसरं. २०१५चं बोलताय तर एक नाव घ्यायलाच हवं. त्या जुलैत चरणजित सिंग मुंबईत गेले. सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारे कलावंत. १९८२ साली त्यांनी दहा राग घेऊन, डिस्कोच्या तालावर एक तबकडी काढली. ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, एचएमव्हीची. त्यांच्याकडं रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं होती : टीआर-८०८ ठेक्याला, टीबी-३०३ खालच्या सुरावटीला आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. तबकडी फारशी खपली नाही. २०१०मध्ये एका डच संग्राहकानं ती पुन्हा काढली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोते चकित झाले, कारण शिकागोमध्ये ज्या इलेक्ट्रॉनिक नाच-संगीताला पुढं अॅसिड हाउस म्हणायला लागले त्याचा आवाज इथं काही वर्षं आधीच आला होता. उतारवयात त्यांनी युरोपात हेच कार्यक्रम केले.

तुम्ही जवारीचं लिहिलंत, मी मींडेचं सांगतो. ३०३मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. बऱ्याच जणांना ते यंत्र बेस गिटारची वाईट नक्कल वाटलं आणि त्याचं उत्पादनही लवकर बंद झालं. चरणजितजींना त्यात मींड सापडली. पहिल्यांदा ऐकणार असाल तर भैरवीपासून सुरुवात करा, मग ललित.

तरफ

जुनी_रीळ, खूप आभार. ‘सौतन’ आणि उषा खन्ना ही दोन नावं वहीत २०१५च्या पानावरच लिहिली, आजीच्या नावाशेजारी.

विरार_फास्ट, तुम्ही म्हणताय ते खरं आहे. मी ‘इन कलर’ फक्त हेडफोनवर, खुर्चीत बसून ऐकला होता. काल दार लावून, मोठ्या स्पीकरवर, उभ्यानं ऐकला. ‘लाउड प्लेसेस’मधला कोरस आला तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवावं लागलं. ‘गॉश’मधला तो चढता सिंथ मला अजूनही तारेसारखाच ऐकू येतो, पण या वेळी टाचा हलत होत्या. यादीत बारावं नाव वाढलं.

यारा_काठ, चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा डोक्यातून जात नाहीत. लेकीला ‘इव्हनिंग साइड’ही ऐकवा. त्यात ताल फार उशिरा येतो, तोवर तिला थांबवून ठेवा.

चरणजित सिंगांचा ललित लावून ठेवलाय, अजून सुरू केलेला नाही. ललितमध्ये पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला उतरवतात, गल्लीत इतकं ऐकून माहीत झालंय. त्यांनी यंत्रात खाली कुठला स्वर धरलाय हे बघायचंय. आजीच्या खोलीतला तंबोरा गेल्या वर्षी मी पुण्याला आणला. तार बदलायला झालीय, तेवढी आज बदलते.