निमॅटोड प्रतिकारक टोमॅटो एकाच वावरात लागोपाठ लावावा का?

टोमॅटो उत्पादक, नारायणगाव
माझं ठाम मत आहे की लावू नये. बाजारातल्या बहुतेक प्रतिकारक संकरित वाणांत एकच एमआय जनुक आहे, 1940 च्या दशकात जंगली टोमॅटोतून आलेलं. सूत्रकृमी (निमॅटोड, मुळांवर गाठी करणारा बारीक किडा) मुळात शिरला की तिथल्या पेशी मरतात, त्याला खायला मिळत नाही. तरी एखादा तगतोच. मादीला नर लागत नाही, एका वेळी 300 ते 500 अंडी, पिढी महिनाभरात पुरी. पुन्हा तेच पीक लावलं की तगलेल्यांचीच पैदास होते.

शेडनेटवाले, जुन्नर
दादा, नाही पटलं. गाठी दिसल्या की "प्रतिकार मोडला" म्हणणं घाईचं आहे. माती 28 अंशांच्या वर गेली की हे जनुक ढिलं पडतं. मार्चच्या लागवडीत गाठी येणारच, तोच वाण रब्बीत स्वच्छ निघतो. वाण सोडून दर हंगामात औषधावर खर्च कशाला?

कृषी पदवीधर, मंचर
आणि रब्बीतही गाठी आल्या तर? मग एक तर तगलेली पैदास, नाहीतर एन्टेरोलोबी ही सूत्रकृमीची वेगळी प्रजाती. ती पेरूच्या कलमांसोबत येते आणि एमआयला दाद देत नाही. तपासायचं तर लागवडीनंतर 45 दिवसांनी खुरप्यानं मुळं उकरा. झाड उपटलं तर बारीक मुळं गाठींसकट जमिनीतच राहतात. 15-20 ठिकाणची, 20 सेंमी खोलीपर्यंतची ओलसर माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो मुळांसोबत पिशवीत घ्या आणि सावलीतूनच प्रयोगशाळेत न्या. तापलेल्या, वाळलेल्या मातीचा अहवाल फसवा येतो.

टोमॅटो उत्पादक, नारायणगाव
म्हणूनच दोन टोमॅटो पिकांच्या मध्ये झेंडू हवा, त्यानं सूत्रकृमी कमी होतो. दाट, किमान अडीच महिने. पण कामोणी, माठ असलं तण राहिलं तर सगळं वाया, सूत्रकृमी त्यावरच जगतो. काकडी, भेंडी तर नकोच. एप्रिल-मेमध्ये वावर रिकामं असेल तर पाणी देऊन 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लॅस्टिक कागद पाच-सहा आठवडे अंथरा, कडा मातीत गाडून, म्हणजे उन्हानं माती तापून सूत्रकृमी मरतो. लागवडीआधी एकरी 8 क्विंटल निंबोळी पेंड.

शेडनेटवाले, जुन्नर
कागद मान्य, शेडनेटमध्ये मे महिना रिकामाच असतो. झेंडू मात्र सगळ्या क्षेत्रावर परवडणार नाही, दसरा-दिवाळी सोडून भाव कुठे असतो? गाठी जास्त असलेल्या पट्ट्यातच लावेन. बाकी ठिकाणी रब्बीत प्रतिकारक वाणच राहील.