लंडनच्या रीजंट्स कॅनॉलवरची देणगी-राइड, मग भुयारात गाणं?

सायकलवेडी: मंडळी, देणगी जमवायला या कालव्याच्या काठानं लिटल व्हेनिस ते लाइमहाउस सायकल चालवायची ठरवलीये. पण नकाशात इझलिंग्टनला कालवा गायबच होतो! संध्याकाळी थेम्स नदीपलीकडे रॉदरहाइथला ब्रुनेल म्युझियमच्या शाफ्टमध्ये (विहिरीसारख्या खोल जागेत) मैफल ऐकायचीय. जमेल ना?

काठावरचा: जमेल की. जेमतेम १४ किमी. इझलिंग्टनला ८७८ मीटरचा बोगदा आहे, आत पायवाटच नाही. पूर्वी नावाडी आडवे पडून भिंतीवर पाय रेटत नाव न्यायचे, नाव ओढणारे घोडे वरून चालत. तुम्हीही वरच्या रस्त्यानेच जा. घोड्यांच्या वाटेनं जाण्यात कमीपणा नाही :)

मंद्रसप्तक: पुलांखाली वळणं आंधळी आहेत, घंटी वाजवा. पहिला हक्क चालणाऱ्यांचा. इथे वेळ लावून शर्यत करूच नये.

सायकलवेडी: शर्यत नाही हो, साडी नेसून निघणारेय! नदी कुठून ओलांडू?

मंद्रसप्तक: नदीखालच्या रॉदरहाइथ बोगद्यात गाड्यांचा धूर, तो नको. टॉवर ब्रिज गाठा. शाफ्ट १८४३ साली खुल्या झालेल्या थेम्स टनेलचा. अशा गोल, खोल जागेत आवाज रेंगाळतो. ड्रम्सपेक्षा एकटा गळा निवडा. आणि साडी चेनपासून सांभाळा, बाई.