मदत हवी आहे: वजन वाढवलं की फुग्याची गाडी कमी जाते, उतारावर मात्र तितकीच. असं का?

मुलगी नववीत आहे. विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम', म्हणून आम्ही घरी गाडी केली. पुठ्ठ्याचा सांगाडा, बाटल्यांच्या झाकणांची चाकं, बांबूच्या काड्यांचे आस स्ट्रॉमधून ओवलेले, वर फुगा.

गाडीवर पेन्सिल सेल चिकटवले की फुग्यावर ती फारच कमी जाते. तीच गाडी फळीच्या उतारावरून सोडली तर सेल असोत-नसोत, फरशीवर जवळपास तेवढंच अंतर कापते. मुलगी विचारते, "वस्तुमान जास्त म्हणजे जडत्व जास्त. मग जड गाडी उशिरा थांबायला हवी ना?" नुसतं 'घर्षणामुळे' म्हणून तिचं समाधान होत नाही, माझंही नाही. शिवाय गाडी दर वेळी डावीकडे वळते. कुणी जाणकार समजावून सांगेल का?

प्रतिसाद १

प्रश्न फार छान विचारलाय तिने. तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वजन वाढलं की जडत्व वाढतं, पण आसांवरचा भारही वाढतो आणि त्याच प्रमाणात घर्षण वाढतं. त्यामुळे वेग कमी होण्याचा दर तोच राहतो. सारख्याच वेगाने निघालेल्या हलक्या आणि जड गाड्या साधारण सारख्याच अंतरावर थांबतात.

आता वेग येतो कुठून ते बघा. उताराच्या पायथ्याशी मिळणारा वेग फळीच्या उंचीवर ठरतो, वजनावर नाही. म्हणून अंतर तेच. (जड गाडी जराशी पुढे गेली तरी नवल नाही, हवेचा विरोध वजनाबरोबर वाढत नाही.) फुग्याचा रेटा मात्र ठरलेला. वस्तुमान दुप्पट केलं तर तेवढ्याच रेट्यात वेग निम्माही मिळत नाही, कारण घर्षण त्यातला वाटा आधीच खातं. आणि फुगा रिकामा झाल्यावर गाडी किती घरंगळेल हे वेगाच्या वर्गावर ठरतं, म्हणजे ते अंतर चौथाईहूनही कमी.

जडत्व डोळ्यांनी दाखवायचं असेल तर टपावर एक नाणं सुटं ठेवा आणि गाडी जाड पुस्तकावर आपटू द्या. गाडी थांबते, नाणं पुढे जातं. पुस्तकाने गाडीला अडवलं, नाण्याला नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार! नाण्याचा प्रयोग लगेच केला, तिला एकदम पटला. आता डावीकडे वळण्याचं काय करू?

प्रतिसाद २

आधी गाडी खोलीच्या समोरच्या टोकाकडून उलट दिशेने सोडा. आता ती आधीच्याच भिंतीकडे गेली तर फरशीला उतार आहे. तेव्हाही स्वतःच्या डावीकडेच वळली तर दोष गाडीत. दोन्ही आसांमधलं अंतर डाव्या आणि उजव्या बाजूला पट्टीने मोजा, मिलिमीटरभर फरकानेही गाडी वळते. ते सारखं असेल तर डावीकडची झाकणं पुठ्ठ्याला घासतात का पाहा.